पट

आमच्या शाळेला घंटा नाही.
कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलाय,
छोटी रेल्वे बंद पडली त्या साली कुणीतरी आणलेला.
कुणी, ते गावात कुणी विचारत नाही.

खोल्या दोन, वर्ग चार.
पहिली-दुसरीला मी 'नळ बघ' सांगतो
तेव्हा पाठीमागे चौथीतला हर्षद तिडके
सतराच्या पाढ्यात एकशे दोनवर अडून
माझ्या पाठीकडे बघत असतो.
मला ते पाठीतून कळतं.

पत्र आलं :
वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती
आज चारपर्यंत, विहित नमुन्यात.
नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर.
अकराव्या पायरीवर एका हाताने शिडी धरून
मी शाळेचे अक्षांश-रेखांश भरले,
मुतारी : आहे. संरक्षक भिंत : अंशतः.
पट : एकोणीस.
खाली तुरीच्या ढिगावर बसलेला म्हातारा ओरडला,
"पडसान नं गुरुजी!"

जूनमध्ये घरोघर फिरलो होतो,
दीपमाला मॅडम आणि मी, हातात यादी.
तिसऱ्या घरी काळा चहा आला.
बशी पुढे सरकवत बाई म्हणाली,
"थे सारं खरं हाये, पन तुमची पोरगी
कोन्या शायेत जाते?"
चहा गरम होता.
मी तो हळूहळू प्यालो.
बाहेर पिवळी व्हॅन हॉर्न वाजवत होती.

कौतिकाबाईला आकडे लिहिता येत नाहीत,
ती डावाने मोजते.
एकोणीस लेकरं, वीस डाव खिचडी.
"मावशी, एक जास्त झाला."
"येनार हाये एखांदं," ती म्हणायची,
जशी पाव्हण्यांची वाट बघावी.

आणि मार्गशीर्षात आलं.
वीटभट्टीवरून, मेळघाटाकडची,
रामकली मावसकर, वय अंदाजे सात,
पायात दोन वेगवेगळ्या चपला,
दोन्ही डाव्या.
मी फळ्यावर 'पाणी' लिहिलं. ती म्हणाली, "डा."
मी पुन्हा बोट ठेवलं. "डा."
दुपारपर्यंत हातपंपावरची सगळी पोरं
डा, डा करत एकमेकांना भिजवत होती
आणि मी, डी.एड. ब्याण्णव,
पाण्याच्या बाबतीत एकटा पडलो होतो.

चार महिने पट वीस होता.
टाकीवर चढताना शिडी कमी हलायची.

एप्रिलात भट्टी थंडावली.
सोमवारी मी तिकडे गेलो तर
राख, फुटक्या विटा,
तीन दगडांची चूल,
आणि एका कच्च्या विटेवर बोटाने कोरलेला
न.
शेपूट उलट्या बाजूला.
ती वीट आता ऑफिसातल्या टेबलावर आहे,
तिच्याखाली परिपत्रकं उडत नाहीत.

हजेरीत तिच्या नावापुढे
मी अजून पेनाने काही लिहिलेलं नाही.
पेन्सिलीने लिहितो, खोडतो,
तिथला कागद पातळ झालाय.
कौतिकाबाई विसावा डाव
झाकणीत काढून पालथं ताट घालते.
सुट्टी झाल्यावर काय करते, मी बघत नाही.

रात्री माझी मुलगी गृहपाठ करता करता विचारते,
"बाबा, आमच्या एका सेक्शनला अठ्ठेचाळीस आहेत.
तुमच्या अख्ख्या शाळेत किती?"
तिच्या वहीला कव्हर घालताना
मी कडा नीट दुमडतो,
वेळ लावून.

"वीस," मी म्हणतो.